नाळेवरचा माड

सेंट लुसिया बेटाच्या आन्स-मारो गावात बाळाची नाळ पुरून तिच्यावर माड लावतात. ते झाड जन्मभर त्या बाळाचं. म्हाताऱ्या ऑक्टाव्हियाच्या भावांचे माड दर्यानं कधीच गिळले होते. आता तिचा माडही दर्याकडे कलला, तसा म्हातारीनं तो दोरखंडानं घराच्या खांबाला बांधला.

टेकडीवर राहायला गेलेली मुलगी डेल्फीन धावत आली. "आई, वेड लागलंय का? माड पडला तर घर घेऊन जाईल."

"माझ्या बापानं लावलाय. पडेल कसा?"

"वर चल. तिथं दुसरा लावू."

"आणि त्याखाली काय पुरशील, मला?"

डेल्फीननं खांबाची गाठ सोडली. ऑक्टाव्हियानं तिला अडवलं नाही. सुटलेलं टोक तेवढं स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलं.