बाबांची दाद

तो गायक परदेशातून आला होता. ऑपेरातलं गायचा आणि त्याच दमात सिनेमातलंही, म्हणून इस्रायलमधल्या आमच्या लोद गावात रेडिओसमोर साऱ्या देशांची माणसं त्याच्यासाठी गप्प व्हायची. त्याचा तेल अविवला कार्यक्रम ठरला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आईनं आम्हां बापलेकीला सोबत बोलावलं. 'होणाऱ्या' हे माझं म्हणणं. त्या रुमानियाच्या, हिंदुस्थानातून आलेली सून करावी की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. आम्हाला पारखायलाच बोलावलंय, हे मला कळत होतं.

मला भीती बाबांची. मुंबईत हयातभर संगीत नाटकं पाहिलेला माणूस. जागा आवडली की लगेच 'वाहवा', पद फारच आवडलं तर 'वन्स मोअर'. बसमध्येच मी त्यांना बजावलं, "इथं गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. संपल्यावर टाळ्या."

"आणि मधेच आवडलं तर?"

"मनात ठेवा."

"मनात ठेवून त्याला काय कळणार?" बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

रेडिओवर नुसता आवाज यायचा. इथं सभागृहात श्वास भरताना त्याची छाती फुगलेली दिसत होती, गळ्याची शीर दिसत होती, वरचा सूर लागतो की नाही याची धाकधूक आपल्यालाच होत होती. असं गाणं समोर बसूनच ऐकावं. पण मी निम्मा वेळ बाबांच्या ओठांकडे बघत होते. तिसऱ्या गाण्यात त्यानं वरचा सूर अगदी बारीक करत नेला, आणि त्या शांततेत बाबा म्हणाले, "वाहवा!"

पुढची डोकी वळली. कुणीतरी हिब्रूत दटावलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर दाबला. माझ्या शेजारी त्या रुमानियन बाई समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काहीच नाही. मोडलं आता, असंच मला वाटलं.

पुढचं गाणं त्याहून सुंदर झालं. बाबांचे डोळे भरले होते, मान डोलत होती, रुमाल मात्र हलला नाही. टाळ्या सुरू होताच बाई माझ्याकडे वाकल्या. "मघाशी तुझे वडील काय म्हणाले?"

मी चाचरत सांगितलं, आमच्याकडे गाणाऱ्याला तिथल्या तिथे दाद देतात.

"मग या गाण्याला का नाही दिली?"

मी बाबांना मराठीत विचारलं. रुमालाआडूनच ते म्हणाले, "तिला सांग, पोरीचं लगीन व्हायचंय."

हे कसं सांगायचं? दुसरंच काही सांगावं असं वाटलं, पण घाबरल्यावर मला खोटं सुचत नाही. जसंच्या तसं हिब्रूत सांगून टाकलं.

बाईंनी बाबांकडे वळून पाहिलं. गायक पुन्हा पियानोजवळ येऊन उभा राहिला.

"त्यांना सांग, लग्न ठरलं," त्या म्हणाल्या. "आणि तो रुमाल खिशात ठेवायला सांग."