बाबा आणि एका रुळाची गाडी

आमच्या घरात सामान्यज्ञान माझ्याकडे आणि अक्कल बाबांकडे, अशी वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. बाबा रेल्वेत, नरखेडकडच्या लाइनीवर चाबीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकायचा, दोन रुळांच्या मधून आपला टप्पा रोज चालायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या सैल दिसल्या की ठोकायच्या. नोकरीभर हेच. म्हणून मुंबईत मोनोरेल सुरू झाली तेव्हा मी जेवताना मोठ्या थाटात सांगितलं, ही गाडी एकाच रुळावर चालते. बाबांनी घास खाली ठेवला.

"मंग चाबीवाला कुठून चालते?"

उत्तर आलं नाही की मी माहिती वाढतो. पतियाळा संस्थानात पूर्वी अशी गाडी होती, म्हटलं. एक चाक रुळावर, दुसरं बाजूच्या रस्त्यावर, आणि ओढायला खेचरं. मुन्नारच्या चहामळ्यांकडेही होती तसलीच. बाबा हसले. पडू नये म्हणून दुसरं चाक लागलंच ना, म्हणाले.

मुंबईला नेऊन दाखवतो, असं मी तेव्हा कबूल केलं. मग दरवर्षी दिवाळीनंतर जाणार होतो. एकदा मुलीची दहावी आडवी आली, एकदा माझी पाठ. बाकीची वर्षं मी नुसताच आडवा होतो.

यंदा बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. शुगरवाल्या माणसाची जखम. त्यांनी तिला हळद लावली आणि मी दोन आठवडे लावले. नागपूरला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं तोवर पाऊल काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर माणूस हाती लागणार नाही. कागदावर सही माझी हवी होती. बाबांनी एवढंच विचारलं, "मी चालन ना गा?"

चालाल, म्हटलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? बरे झालात की मुंबईला जाऊ, मोनो बघू, असंही म्हणालो. मोनो सुधारणेसाठी बंद ठेवल्याची बातमी मी तोवर वाचलेली होती. अख्ख्या देशात तशी शहरातली गाडी तेवढी एकच, हेही मला ठाऊक होतं. सामान्यज्ञान.

आता बाबा आमच्याकडे नागपुरातच असतात. ऑपरेशनची जखम धड भरत नाही, त्यामुळे नव्या पायाचं माप घेणं पुढेपुढे चाललंय. व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्या वॉकर समोर ठेवायच्या, बाबा भिंतीकडे बघायचे.

परवा मीच त्यांना उठवायला गेलो. उत्साह दाखवणं हा माझा जुना आजार. बगलेत हात घालून म्हटलं, बाबा, एका पायावरही जमतं, कितीतरी लोक चालतात. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"एका रुळावर गाडी चालते म्हणून तूच सांगत होता. चालत असन. मी गाडी नाही गा, चाबीवाला आहो. मले मधून चाला लागते."

मी वॉकर भिंतीला टेकवून ठेवला. ते म्हणाले, त्या बाईले उद्यापासून येऊ नको म्हण.

फोन मीच केला. वॉकर आता गॅलरीत आहे. त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो.