दाजींच्या टॅबांची पंगत

एकदा उघडलेली गोष्ट कधीही बंद न करणारा माणूस जगात एकच, आणि तो परंड्यात खतं-बियाणांचं दुकान चालवतो. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. दुकानातल्या कंप्यूटरवर त्यांनी आजवर जे जे पान उघडलं ते ते अजून उघडंच आहे: कांद्याचे भाव, कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या गाड्या, शेळ्यांचे आजार, कुणाच्या तरी पोराचा बारावीचा निकाल. तो पोरगा आता बापही झाला. वरच्या पट्टीत टॅब इतके दाटले होते की एकेकाच्या वाट्याला मोहरीएवढी जागा. "बंद करा की यातले," म्हटलं तर म्हणायचे, "आलेल्याला ऊठ म्हणायची आपल्यात रीत न्हाय, पाव्हणं."

शेवटी कंप्यूटरनंच हाय खाल्ली. बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जायचं. मग मी नळदुर्गाहून मुद्दाम गेलो आणि ब्राउझरमध्येच असलेली सोय दाखवली: टॅबचे गट करायचे, गटाला नाव द्यायचं, जपून ठेवायचे आणि बिनघोर मिटायचे. दाजींना हे फार पटलं, कारण त्यांना ती लग्नातली पंगत वाटली. त्यांनी गट पाडले ते घरचे, भावकी, सोयरे आणि रुसलेले. रुसलेले म्हणजे जी पानं उघडतच नव्हती ती. मी कांदा आणि सोयाबीन 'घरच्यां'त ठेवले तर खवळले, "येड लागलं का? कांद्यानं औंदा लई दगा दिलाय. त्येला भावकीत बसवा."

एक टॅब मात्र त्यांनी कुठल्याच पंगतीत बसू दिला नाही. तो अक्काचा होता. अक्का दुपारी डबा घेऊन दुकानात यायची आणि शेंगांच्या पोळीचा व्हिडिओ लावून त्यातल्या बाईच्या चुकांवर पोट धरून हसायची. एकदा मधेच थांबवून, "ऱ्हाऊ द्या तसंच, उद्या बघते," म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दवाखाना आला, आणि मग अक्का आलीच नाही. पडद्यावरची बाई उलथनं उचलून तशीच थांबलेली होती.

"कंप्यूटर एकदा बंद करून चालू करावाच लागेल," मी म्हणालो. "हाही जपून ठेवतो. काही जात नाही."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "बघा हं, पाव्हणं."

चालू केल्यावर सगळी पंगत जागेवर होती. अक्काचं पानही आलं, पण त्यातली बाई पहिल्यापासून नमस्कार करायला लागली. पान राहतं, थांबलेली जागा राहत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी चष्मा पुसून व्हिडिओ बघत बसले. बाईनं गूळ न किसताच घातला तसे एकदम हसले. "आत्ता कळलं ही कशाला हसत व्हती." तव्यावर पोळी पडली, उलथनं वर गेलं आणि त्यांनी बटण दाबलं. "हां. हितं."

"पुढचं नाही बघायचं?"

"पुढचं तिनं कुठं बघितलंय?"

मला अक्काची फार आठवण आली.

तो कंप्यूटर त्यानंतर बंद झालेला नाही. आधीच्या यूपीएसवर भरवसा नको म्हणून दाजींनी इन्व्हर्टर घेतला, तोही फक्त त्याच्यापुरता. लाईट गेली की दुकानातले दिवे, पंखा सगळं जातं, आणि आमचे दाजी उलथनं उचललेल्या त्या बाईच्या उजेडात गिऱ्हाइकाला खत मोजून देतात.