वासंतीबाईंचा एकचा आकडा

वासंती मोहिते यांना आमच्या कारखान्यात कुणी नुसतं वासंती म्हटल्याचं मी ऐकलं नाही. शेठसुद्धा वासंतीबाई म्हणायचा. एकोणनव्वद साली परळची खोली विकून त्या मिरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आल्या. तेव्हा तिथे पाणी टँकरने यायचं. बाई पाणी भरून, नवऱ्याचा डबा बांधून, बरोबर नऊला भाईंदरला आमच्याकडे टाइपरायटरसमोर हजर. बोटं कळांवर आणि तोंड आमच्याशी गप्पांत, तरी पत्रात चूक म्हणून नाही.

मी दशरथ, स्टोअरकीपर, राहणार मोरवा. डोकं जरा गरम. हे माझी बायकोही सांगेल.

शहाण्णव साली शेठने कॉम्प्युटर आणला आणि चार टायपिस्टपैकी तिघींना पॅकिंगला पाठवलं. तिथे दिवसभर उभं राहायचं. वासंतीबाईंना सांगितलं, स्टोअरची रजिस्टरं मशीनमध्ये चढवा. दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तुम्हीही पॅकिंगला. बाईंचे गुडघे आधीच बोंबलत होते. पण खरं सांगू, गुडघ्यांचं निमित्त. बाईंना ते मशीन मनापासून आवडलं होतं. सॉफ्टवेअर बसवणारा अभिनव आठवड्यातून दोनदा अंधेरीहून यायचा. तो त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी बाई त्याला सर म्हणायच्या आणि त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक डबा खाताखाता वाचायच्या. समजेल ते वहीत उतरवायच्या.

नवरात्रात घोळ झाला. पार्ट नंबर २१७४. रॅकवर चाळीस नग पडलेले, आणि मशीन म्हणतं असा पार्टच नाही! असे साठेक पार्ट निघाले. गंमत म्हणजे सगळी यादी पडद्यावर काढली की त्यात २१७४ ढळढळीत दिसायचा. तोच नंबर टाकून शोधला की गायब. अभिनवने रोज येऊन आठ दिवस डोकं फोडलं, काही हाती लागलं नाही. शेठचा हिशोब सरळ होता : मशीन चुकत नाही, म्हणजे स्टोअरकीपर चुकला. मला लांब आडबाजूला वरसाव्याच्या गोडाऊनला टाकायची भाषा सुरू झाली.

झालं, माझं टाळकं सटकलं. तडक केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "शेठ, चूक माझी नाही, त्या बाईंची आहे. त्यांना मशीन जमत नाही. पाठवा पॅकिंगला." पुरावा माझ्याकडे काडीचा नव्हता. बाहेर आलो तर बाई नेहमीसारख्या मान खाली घालून टाइप करत होत्या. मी तसाच स्टोअरमध्ये निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मलाच हाक मारली. पुस्तकात त्यांना डंप नावाची एक कमांड सापडली होती. पडद्यावर दिसतं ते बाजूला ठेवून मशीनने पोटात नेमकं काय साठवलंय, ते ती आकड्यांत ओकायला लावते. मशीनच्या पोटात प्रत्येक अक्षराला, प्रत्येक अंकाला स्वतःचा नंबर असतो. एकच्या अंकाचा एकोणपन्नास. बाईंनी माझ्या २१७४ वर डंप चालवली. आलं पन्नास, एकशे आठ, पंचावन्न, बावन्न.

"एकशे आठ म्हणजे इंग्रजी छोटा एल," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या बोटांकडे पाहू लागल्या. "आमच्या टाइपरायटरला एकची कळच नव्हती हो. एकसाठी एलच दाबायचा. परळच्या नोकरीपासून पंधरा वर्षं दाबला."

पहिली दोन रजिस्टरं बाईंच्या बोटांनी त्याच सवयीने चढवली होती. पुढे अंकांच्या कळा हाताला लागल्या आणि चूक आपोआप थांबली. त्या पडद्यावर एक आणि एल जुळे भाऊ, डोळ्यांना कळणार कसं? शोधताना मात्र आम्ही खरा एक टाकायचो, म्हणून मशीनला तो पार्ट सापडत नसे. अभिनवने तर जन्मात टाइपरायटर चालवला नव्हता. मला आदल्या दिवसाची लाज वाटत होती. मी म्हणालो, बाई, गुपचूप सगळे एल बदलून टाका, कुणाच्या बापाला कळणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं, डंपचा कागद छापला आणि केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग गेलो.

"शेठ, चूक माझ्या बोटांची आहे," बाई म्हणाल्या. "दशरथभाऊंची रजिस्टरं बरोबर आहेत."

शेठने कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला काय कळणार, कप्पाळ! त्याने अभिनवला आत बोलावलं. पोराने आकडे वाचले, कान लाल झाले, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आठ दिवसांत हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेठने बाईंना विचारलं, ठीक करायला किती वेळ लागेल. बाई म्हणाल्या, चहापर्यंत. शेठ खेकसला, "तो फिर इधर क्यों खडी हो? जाके अपनी कुर्सी पे बैठो."

चहाच्या आधी २१७४ सापडला, बाकीचेही सापडले. अभिनवने स्वतःच्या पैशाने सगळ्यांना वडापाव आणले. बाईंचा चेहरा असा फुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता. मी मात्र माझा वडापाव घेतलाच नव्हता. शेवटी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "बाई, काल मी केबिनमध्ये जे बोललो..."

"ऐकलं होतं मी. प्लायवुडची भिंत ती."

"मग तरी माझं नाव कशाला वाचवलंत?"

बाईंनी माझ्याकडे वडापावची पुडी सरकवली. "दशरथभाऊ, तुम्ही खरं तेच बोलला होतात. फक्त ते तुम्हाला ठाऊक नव्हतं."