रत्नप्रभेचा फुलाफुलांचा तंबू

इगतपुरी सोडल्यापासून रत्नप्रभा मान वर करून चालली होती. रस्ता बघायचा, दगड चुकवायचे, हे काम तिनं शेजारून चालणाऱ्या नलिनीवर सोपवलं असावं. तिची नजर पालखीपुढे चाललेल्या भगव्या निशाणाकडे होती. खरं म्हणजे निशाणाकडे नाही, निशाणाच्या बांबूकडे.

"रत्नाताई, खाली बघ. पडशील."

"नऊ-दहा फूट असेल ना गं?"

"काय?"

"आणि बघ कसा सरळ आहे. कुठे बाक नाही."

ही बाई मनात काय शिजवतेय ते नलिनीला कळलं. "ताई, ते देवाचं आहे."

"मग आपण कुणाच्या?" रत्नप्रभा म्हणाली आणि पाठीवरचं गाठोडं सावरून पुढे झाली.

त्या गाठोड्यात तंबू होता, आणि तंबूवर सगळं अवलंबून होतं.

मुलुंडला नवघर रोडवरच्या त्यांच्या चाळीतून दर मार्गशीर्षात साईबाबांची पालखी पायी शिर्डीला निघायची. पुरुष पुष्कळ, बायका पाचच. गेल्या वर्षी घोटीच्या पुढे मुक्कामाच्या शाळेचं कुलूप काही उघडलं नाही. बायका देवळाच्या उघड्या ओट्यावर रात्रभर कुडकुडल्या आणि दोघी तापानं फणफणल्या. पालखीचे पुढारी गुणाजी तावडे. विक्रोळीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, पण शिट्टी अजून गळ्यात. परत आल्यावर चाळीच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, "यापुढे बायका नकोत. थंडीत यांची सोय करायची कुठे?"

रत्नप्रभा उभी राहिली. "आमची सोय आम्ही करू. नाही जमली तर पुन्हा शिर्डीचं नाव काढणार नाही."

नलिनीनं तिचा पदर ओढला होता, पण तोवर बोलून झालं होतं.

रत्नप्रभा कणकवलीकडची. लग्न होऊन मुलुंडला आली आणि तेव्हापासून स्टेशनाजवळच्या दुकानाला परकर शिवून देत होती. तंबू तिनं सर्कशीचा सोडला तर कुठला पाहिलेला नव्हता. "खाली घेर, वर निमुळतं. तां काय माका नवीन?" असं म्हणून तिनं सरळ परकराच्या कापतात तशा खाली रुंद, वर अरुंद कळ्या कापायला घेतल्या. कापड हलकं हवं, कारण ओझं आपल्याच पाठीवर. नायलॉनच्या साड्यांची फॅशन तेव्हा गेली होती आणि त्या घरोघरी ट्रंकेच्या तळाशी बोहारणीची वाट बघत पडल्या होत्या. बोहारणीच्या आधी रत्नप्रभा पोचली. त्यामुळे तंबूच्या एका कळीवर गुलाब, दुसरीवर कॉफी रंगाचे ठिपके, तिसरीवर मोर असा थाट झाला. जमिनीत रोवायला खुंट्या म्हणून मोडक्या छत्र्यांच्या काड्या. वाण्यानं तराजूत दोन किलोचं माप टाकलं, तर तंबूचं पारडं वरच राहिलं.

तिचे यजमान जयवंत कामावरून आले आणि दारातच थबकले.

"पाच बायकांना मिळून एक परकर! असला कधी बघितला नव्हता."

"तुम्हाला कुणी आत बोलावलंय?"

तरीही बिचाऱ्यांनी कपडे वाळत घालायची काठी मधोमध कापली आणि पत्र्याची नळी बसवून जोडता येईल अशी करून दिली. काठी लांब म्हणून पालखीच्या शिध्याच्या टेम्पोत टाकली, तिथेच चुकलं. आज सकाळी चहाच्या थांब्यावर ड्रायव्हरनं ती बाहेर काढून टेम्पोलाच मागून टेकवून उभी केली आणि टेम्पो मागे घेताना स्वतःच तिच्यावर घातला. नळी चपटी, काठीच्या चिंध्या. तंबू होता, पण त्याला कणा नव्हता.

संध्याकाळी घोटीच्या पुढच्या गावात पोचले, तर शाळेला यंदाही कुलूप. पुरुषांनी मारुतीच्या देवळात पथाऱ्या टाकल्या. वारा असा की चहा कपातून तोंडापर्यंत येईतो गार. रत्नप्रभा गुणाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, रात्री निशाण कुठे असतं?"

"उभं. मुलुंडला उभं केलेलं निशाण शिर्डीशिवाय आडवं होत नाही. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"धरतं कोण?"

"पोरं. पाळीपाळीनं."

"मग काल माकडटोपी घालून कोण बसलं होतं?"

गुणाजी खोकले. पोरं झोपायची आणि म्हातारा जागायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आमच्याकडे द्या," रत्नप्रभा म्हणाली. "बांबू मधोमध, आम्ही भोवती. वर निशाण, खाली आमचा तंबू."

"निशाणाला तुमचं ते... ते बांधणार?" गुणाजींना शब्द उच्चारवेना. "जयवंतानं सांगितलंय मला ते काय आहे ते!"

"तंबू आहे. वर नाडी आहे एवढंच. ती तुमच्या लेंग्यालाही आहे."

देवळात हशा पिकला. गुणाजी लालबुंद झाले. आता हे चिडून नाहीच म्हणणार, असं नलिनीला वाटलं. देवाच्या निशाणाला परकर, हे तिच्या स्वतःच्या मनालाही टोचत होतंच. तिनं मनातल्या मनात बाबांना हात जोडले आणि मग तिच्याच तोंडून निघालं, "भाऊ, या देवळाच्या शिखरावर पण झेंडा आहे. आणि खाली तुम्ही सगळे झोपणारच आहात ना?"

गुणाजींनी वर बघितलं. "आजची रात्र," ते म्हणाले. "निशाण पडलं, तर बायकांचं येणं बंद. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

देवळामागे भात कापलेलं खाचर होतं. तिथे खड्डा खणून बांबू रोवला, बुडाशी दगड ठोकले. रत्नप्रभेनं तंबूचं तोंड बांबूच्या पेरावर चढवलं आणि नाडी करकचून आवळली. घेर पसरला, काड्या रोवल्या. पाचजणी आत शिरल्या, आणि वारा बाहेर राहिला. इतकं बरं वाटलं की कुणाला झोपच येईना. नुसत्या गप्पा.

पहाटे नलिनीच्या नाकावर टप्पकन थेंब पडला. मग कपाळावर. तिनं भक्तिभावानं डोळे मिटले. "ताई, तीर्थ पडतंय गं."

"तीर्थ कसलं? रात्रभर आपल्या पाचजणींची टकळी चालू होती, त्याची वाफ आहे ही!" रत्नप्रभा चाचपडत उठली. गोधड्या ओल्या लागत होत्या. "मीच मेली बावळट. हाताला सवय, नाडी म्हटली की घट्ट. परकर सुटून चालत नाही ना! पण याला वरून श्वास नको?"

तिनं नाडी दोन बोटं सैल केली. वाऱ्याच्या आडोशाकडचा काठ वीतभर उचलून धरला. कोंडलेली वाफ भसकन वर निघाली.

तेवढ्यात बाहेर आरोळी झाली. "पेटलं! निशाण पेटलं!" धपधप पावलं आली आणि उचललेल्या काठाखालून थंडगार पाण्याची कळशी थेट रत्नप्रभेच्या पायांवर रिती झाली.

"अहो भाऊ, वाफ आहे! वाफ!"

बाहेर गुणाजी, डोक्याला माकडटोपी, हातात रिकामी कळशी. निशाण पडतंय का हे बघायला गडी रात्रभर देवळाच्या मागच्या पायरीवर बसून होता. वर निशाण जागच्या जागी फडफडत होतं. गुणाजी ओशाळून वाकले आणि कुणी भाजलं तर नाही ना म्हणून त्यांनी हात आत घातला. तो तसाच राहिला. बाहेर काढवेना.

"आत ऊब आहे," ते हळूच म्हणाले.

"होती. आता कळशीभर पाणी आहे."

ते हसले नाहीत. तिथेच उकिडवे बसले. मग म्हणाले, "आमची विमला किती वर्षं म्हणतेय, मलाही न्या. मी दरवर्षी सांगतो, सोय नाही." तंबूचा काठ चाचपत त्यांनी विचारलं, "सहावी मावेल?"

"कळी वाढवीन एक," रत्नप्रभा म्हणाली. "म्हणजे पुढच्या वर्षी बायका येणार?"

"येणार," गुणाजी म्हणाले, आणि कळशी उचलून घाईघाईनं निघून गेले.

उन्हं वर आल्यावर पालखी सिन्नरच्या रस्त्याला लागली. रत्नप्रभेच्या पाठीवर तंबू पसरून वाळत होता, त्यामुळे मागून गुलाब आणि मोरच चाललेले दिसत होते. थोडं अंतर गेल्यावर तिनं नलिनीला कोपरानं ढोसलं.

"नले, तुझं अक्षर चांगलं आहे. सिन्नर आलं की पोस्टातून एक कार्ड घे आणि विमलावहिनींना लिही, गुणाजीभाऊंनी तुम्हाला न्यायचं कबूल केलंय म्हणून. आपण मुलुंडला परत पोचायच्या आधी कार्ड पोचलं पाहिजे. एकदा वहिनींनी ते चाळभर वाचून दाखवलं, की भाऊंना मागे फिरता येणार नाही. लिहिशील ना गो?"