बारा दिवसांच्या दोन सह्या

पाणीखात्यात अकरा वर्षं मीटर वाचले म्हणून सगळी गल्ली तिला मीटरकाकू म्हणते, आणि खातं सुटून वीस वर्षं झाली तरी म्हणतेच. अकरा वर्षं, तीही हंगामी. हंगामी म्हणजे काय, तर घरोघरी लोखंडी झाकणं उचलून आत डोकं घालायचं, कुत्री अंगावर घ्यायची, आणि पगार मात्र कायमवाल्यांच्या निम्मा. एक दिवस साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. झालं. पण काकू रडत बसणाऱ्यातली नव्हे. तिने शाळेचे गणवेश शिवले, मुलाला शिकवलं, आणि हंगामी लोकांच्या थकलेल्या पगाराचा खटला चालू आहे म्हणे, एवढं कानावर घेऊन ती मशीन चालवत राहिली.

ते भिजत घोंगडं वीस वर्षांनी एकदाचं वाळलं. सगळ्यांना पगारातला फरक द्यायचा असा निकाल लागला.

पैसे येणार ते अगदी वेळेवर. काकूच्या नवऱ्याचा गुडघा पार गेला होता. बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, पण आठ महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. अनामत भरायची होती, आणि मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. काकूची फाइल पास झाली. फक्त पैसे खात्यात पडायचे राहिले होते.

अडकली ती शिडीची फाइल.

शिडी म्हणजे काकूच्या जोडीची हंगामी मीटरवाली. इतकी उंच की फाटक बंद असलं तर कुंपणावरून वाकून आकडा वाचायची. तिने वारस म्हणून मुलीचं नाव दिलं आणि सोबत प्रसूतिगृहाचा जन्माचा दाखला जोडला. कारकून नवा होता, चष्मेवाला, आणि कामाचा चोख. त्याने हजेरीचं जुनं मस्टर उघडलं.

"बाई, मस्टरप्रमाणे त्या दिवशी सकाळी आठला तुम्ही कामावर हजर. आणि दाखल्याप्रमाणे साडेनऊला तुम्हाला मुलगी झाली."

"हो का?" शिडी म्हणाली.

"मधल्या दीड तासात मीटर किती वाचलेत?"

शिडीने "आठवत नाही" म्हणून वेळ मारून नेली, आणि तडक काकूच्या घरी आली.

हंगामी माणसाला रजा नव्हती. सलग तीन दिवस सही चुकली की नाव कापलं. मग त्यांच्यात रीतच पडली होती. एकीचं अडलं की दुसरीने दोघींचा भाग फिरायचा आणि मस्टरवर दोन सह्या ठोकायच्या. हेडक्लार्क तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघायचा. शिडीच्या बाळंतपणात काकूने बारा दिवस असं केलं. तेराव्या दिवशी शिडी झाकणं उचलायला हजर, अंगात उभं राहायचं बळ नसताना.

"तू तोंड उघडू नकोस," शिडी म्हणाली. "तुझे तरी पदरात पडू देत. माझं मी बघते."

"काय बघतेस, डोंबल?" काकू म्हणाली.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गुडघा चोळत ऐकत होता.

"सह्या तू केल्यास?"

"केल्या."

"मग मला काय विचारतेस? मी काय मस्टर आहे?" आणि पुढे म्हणाला, "इथं वारा चांगला येतो."

वारा कसला नि काय. काकूला त्याची फार दया आली, आणि त्याच्यावर फार जीवही आला. भाजी चिरायचं निमित्त करून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कारकुनासमोर उभी राहिली. "त्या बारा दिवसांच्या सह्या माझ्या."

तो बिचारा चरकला. "काकू, हे लेखी दिलंत तर तुमचीही फाइल परत वर जाईल. पैसे थांबतील, कदाचित बुडतीलसुद्धा. खोटी सही म्हणतात याला."

"सही खोटी आहे, मीटर खरे वाचलेत. वाचनाच्या वह्या काढा आणि बघा."

आणि तिने लेखी दिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण दिलं.

महिनाअखेर आली नि गेली. त्या दोन खोल्यांत दुसरंच बिऱ्हाड आलं. काकू काही देवमाणूस नव्हे. दोन दिवस ती शिडीशी धड बोलली नाही, आणि कोणी अवाक्षर काढलं की अंगावर धावून जायची. तिसऱ्या दिवशी तिचीच तिला लाज वाटली.

चौथ्या महिन्यात वरच्या साहेबांनी वह्या काढल्या. दोन्ही भागांचे आकडे एकाच अक्षरात. पुढच्या महिन्याच्या वाचनाशी लावून पाहिले, तर एकही आकडा चुकलेला नाही. काम झालेलं आहे, असं त्यांनी लिहिलं. ते बारा दिवस शिडीच्या नावचे काढून काकूच्या नावे मांडले आणि दोघींच्या फायली सोडल्या. काकूला दुसरीकडे तळमजला मिळाला, जरा अंधारा, पण उंबऱ्याला पायरी नाही. नवरा पहिल्याच दिवशी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आला आणि दिवसभर तेच सांगत सुटला.

शिडीच्या नावचा आदेश तिच्या मुलीने या नव्या घरी वाचून दाखवला. मुलगी आता पंचविशी ओलांडलेली, आईसारखीच ताडमाड. शिडीला बारा दिवसांचे पैसे कमी मिळणार होते. काकूला त्याचा संकोच वाटत होता.

"सदर बारा दिवस अर्जदार प्रसूतीमुळे कामावर गैरहजर," मुलीने वाचलं.

"परत वाच," शिडी म्हणाली.

मुलीने परत वाचलं.

"इतकी वर्षं यांच्या कागदावर मी त्या दिवशी मीटर वाचत होते," शिडी म्हणाली. "तुला जन्म दिला तो दिवस यांच्या हिशेबी नव्हताच गं."

काकूने तिचा हात हातात घेतला. मग मुलीने जवळ सरकून, आईला नीट ऐकू येईल असं, तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.