तांबड्या मातीचं पत्र

मुलुंडला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या चाळीच्या मागे भातखाचरं होती आणि पुढे आग्रा रोड. स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली होती. रस्त्याच्या कडेने एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक नव्या धुराड्याकडे आम्ही कौतुकाने बघत होतो. हे आधीच सांगते, कारण पुढे मला लोक कारखान्याची वैरीण म्हणाले. मी वैरीण नव्हते. त्या कारखान्यानेच आम्हाला माणसांत आणलं होतं.

माझे वडील मालवणकडचे. परळच्या गिरणीत बारा वर्षं ते बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर आल्या पावली परत. मुलुंडला सूत रंगवण्याचा कारखाना निघाला आणि त्यांना रंगखात्यात कायमची नोकरी मिळाली. दोन वर्षांत ते तिथले जॉबर, म्हणजे मुकादम झाले. कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, अंगणात नळ. आई पहिल्या दिवशी नुसताच नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहिली होती. मी मॅट्रिक झाले, टायपिंग आणि लघुलिपी शिकले आणि त्याच कारखान्याच्या कचेरीत लागले. तात्पुरती नेमणूक होती, पण चाळीतली नोकरीला जाणारी पहिली मुलगी मीच. साडीला पिन लावून सकाळी फाटकातून आत जाताना छाती भरून यायची.

कारखान्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी, भाजीपाला करणारी दहा-बारा घरं. डोंगरातून येणारा ओढा आधी कारखान्याला वळसा घालायचा, मग त्यांच्या मळ्यांतून जायचा. त्याच्या काठावर त्यांची विहीर, आईच्या मालवणीत बाव. त्या वाडीतली एक मावशी रोज सकाळी आमच्या चाळीत भाजीची पाटी घेऊन यायची. माठ, अळू, मुळा, ज्या दिवशी हवं ते. तिचा आवाज असा खणखणीत, की ती कोपऱ्यावर असतानाच आई चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायची.

एका सकाळी ती आली ती रिकामी पाटी घेऊन. पाटीत एक सदरा होता. तिच्या नवऱ्याचा, पांढरा. म्हणजे मूळचा पांढरा. आता त्याच्यावर हिरवट झाक होती.

"बघ गो," ती मला म्हणाली, "काल ओढ्यावर धुतला. तुमचा साहेब काल कनचा रंग उकळत होता?"

मला उत्तर माहीत होतं. रोज सकाळी कचेरीत गेल्यावर माझं पहिलं काम म्हणजे रंगपत्रक टाइप करणं. कुठल्या हौदात कुठला रंग, किती सूत, सगळं त्यात असायचं. आदल्या दिवशी मी चार हौदांपुढे 'हिरवा' असं टाइप केलं होतं.

"हिरवाच," मी म्हणाले.

ती हसली नाही. "मग बराबर," एवढंच म्हणाली आणि सदरा पिळून पुन्हा पाटीत टाकला.

त्यानंतर ती रोज विचारायची, मी रोज सांगायची. आधी आम्हाला त्यात गंमत वाटत होती. मग माठाची पानं कडेने जळायला लागली. मग विहिरीचं पाणी तुरट लागायला लागलं, अंघोळ केली की बायकांच्या हातांना खाज सुटायची. एक दिवस मी कामावरून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून विहिरीवर गेले. मावशीने पोहरा वर ओढला आणि माझ्यासमोर धरला. पाण्यावर जांभळट साय होती. तिने ते पाणी माझ्या पायाशी ओतून टाकलं. माझ्या अंगावर नाही, पायाशी. पण मला ते अंगावर ओतल्यासारखंच वाटलं. घरी गेले आणि आईने नळाचं पाणी तांब्यातून दिलं, ते मी न पिताच खाली ठेवलं.

वाडीने सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जाची प्रत कारखान्याकडे आली, खुलासा मागवला गेला. कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी मला आत बोलावलं आणि उत्तर सांगायला सुरुवात केली. मी लघुलिपीत उतरवून घेत होते. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी सांगितलं, की ओढ्याला येणारा रंग हा डोंगरातून वाहून येणाऱ्या तांबड्या मातीचा आहे, आणि विहिरीचं पाणी पहिल्यापासून असंच आहे.

माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"साहेब, काल ओढा निळा होता. तांबड्या मातीने पाणी निळं कसं होईल?"

साहेब वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या घरच्या लग्नांना यायचे, आजारी माणसाला गाडीने दवाखान्यात पोचवायचे. त्यांनी चष्मा काढला आणि मला समजावून सांगितलं. म्हणाले, "हे बघ, देश गरीब आहे. कारखाने झाले नाहीत तर ही चारशे माणसं कुठे जातील? तुझे वडील कुठे जातील? आधी पोट, मग पाण्याचा रंग. दहा-बारा घरांसाठी सगळं अडवून धरायचं का?"

"पोट त्या घरांनाही आहे, साहेब."

"तू टाइप कर. विचार करणं तुझं काम नाही."

मी माझ्या टेबलाशी गेले. कागद चढवला, कार्बन घातला. तारीख टाइप केली. पुढचं बोट पडेना. मला भीती वाटत होती हे खरं.  पण त्या भीतीपेक्षा संताप मोठा होता. माझ्याच हाताने सकाळी 'निळा' लिहायचं आणि दुपारी त्याच हाताने 'तांबडी माती' लिहायचं? मी कागद काढला, यंत्रावर खोळ घातली आणि आत जाऊन सांगितलं, "हे पत्र मी टाइप करणार नाही."

पत्र शेजारच्या कारकुनाने टाइप केलं. मला सांगण्यात आलं, की घरी जा, डोकं ठिकाणावर आलं की सोमवारी ये.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. वडील दारातच उभे होते. चिडले की ते शुद्ध मालवणीत यायचे.

"बारा वर्सां फाटकार उभो रवलंय मी! ह्यो कारखानो नसतो तर तू आज खय असतंस? नळ खय असतो? तुका कोणी सांगल्यान शाणपण करूक?"

"मी कारखाना बंद करा म्हटलं नाही, बाबा. खोटं लिहिणार नाही म्हटलं."

"एकच ता!"

"एकच कसं?"

ते काही बोलायच्या आत आई आतून बाहेर आली. ती वडिलांसमोर सहसा बोलायची नाही. हातातलं फडकं तिने खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "माझो नळ मी कोणाक देवचंय नाय. पण तेंची बाव नासवून माका नळ नको."

वडील पायात वहाणा सरकवून बाहेर निघून गेले.

सोमवारी मी कामावर गेले. डोकं ठिकाणावर आलं का, असं कोणी विचारलं नाही. मला रंगपत्रक टाइप करायला दिलं, बाकीची कामं काढून घेतली. तेवढ्यात कळलं, की पुढच्या आठवड्यात सरकारी अधिकारी पाहणीला येणार आहे. त्याच आठवड्यात कारखान्यात एक आवई उठली, की वाडीवाल्यांच्या तक्रारीमुळे कारखान्याला टाळं लागणार. ती कोणी उठवली ते मला आजही ठाऊक नाही, पण चाळीत माझ्याशी कोणी बोलेना. नळावर माझी घागर मागे ढकलली जाऊ लागली.

मी मावशीला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला नाही की ती रडली नाही. म्हणाली, "रोज एक पांढरा फडका ओढ्यात धुवून आम्ही सुकवतो. कुठल्या दिवशी कनचा, तेवढं तू ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवायला मला कागद चोरायची गरज नव्हती. जे रोज टाइप करते ते मी विसरणार कसं?

अधिकारी आला त्या सकाळी कारखान्याच्या फाटकासमोरच्या दोन आंब्यांना दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर आठवडाभराची फडकी वाळत होती. निळं, पिवळट, पुन्हा निळं, हिरवं, जांभळं, गुलाबी. वाडीतल्या सगळ्या बायका दोरीखाली बसल्या होत्या. फाटकाच्या आतल्या बाजूला आमचे कामगार जमले होते, आणि त्यांचे चेहरे रागावलेले होते.

"आमच्या पोटावर पाय देताय काय?" एकजण ओरडला.

मी फाटकात, बरोबर मधोमध उभी होते. आत जावं की बाहेर, ते कळत नव्हतं. मग वळले आणि आमच्याच माणसांकडे तोंड करून ओरडले, "बंद करा असं कोण म्हणालं? एकाने तरी ऐकलंय का? मी इथेच कामाला आहे. माझा बाप इथेच आहे. कारखाना चालायलाच हवा. पण घाण पाणी यांच्या विहिरीत सोडूनच चालेल, असं कुठल्या देवाने सांगितलंय?"

माझा आवाज फाटला होता. एवढ्या पुरुषांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

आमच्या साहेबांचं तांबड्या मातीचं पत्र हातात घेऊन अधिकारी दोरीजवळ आला. एकेक फडकं चिमटीत धरून बघितलं. "ही डोंगरातली माती निळी कधीपासून झाली?" त्याने साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, "बाजारातून रंग आणून बुडवली असतील. सगळा बनाव आहे."

मी दिवस आणि रंग सांगायला लागले. सोमवारी निळा, मंगळवारी पिवळा. साहेब मध्येच म्हणाले, "ही नाराज मुलगी आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नका."

तेवढ्यात कामगारांमधून माझे वडील पुढे आले. पंधरा दिवस आमच्या दोघांत शब्द नव्हता. ते माझ्याकडे न बघता सरळ दोरीपाशी गेले. पहिलं निळं फडकं उचलून उन्हात धरलं, नाकाशी नेलं.

"बाजारातलो नाय ह्यो," ते म्हणाले, मग अधिकाऱ्यासाठी शुद्ध बोलायला लागले. "हा सोमवारचा निळा. मी कालवलाय. माझा निळा मी ओळखतो, साहेब." आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडांत मुरलेला तो रंग कधीच जात नसे, लग्नकार्यालासुद्धा नाही.

 वडील पुढे म्हणाले, "मागे रिकामी जागा पडलीय. तीन हौद खणले, चुना टाकला, पाणी निवळू दिलं, तर गाळ खाली बसतो. गिरणीत बघितलंय मी. खर्चाचं कारण सांगतील तर खणायला आम्ही येतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "मी येतो." मग आणखी एक. जो माणूस पोटावर पाय म्हणून ओरडला होता, तोही त्यात होता.

हौद झाले. कामगारांनीच खणले, कारखान्याने विटा आणि चुना दिला. वाडीला फाटकाजवळ एक नळ मिळाला, दहा-बारा घरांत एक. कारखाना एक दिवसही बंद पडला नाही.

माझी नोकरी गेली. तात्पुरती नेमणूक संपली, असं दोन ओळींचं पत्र आलं. वडिलांना रंगखात्यातून काढून सूत वाळवायच्या अंगणात घातलं. ते मला कधी 'शाबास' म्हणाले नाहीत. एकदा फक्त जेवताना म्हणाले, "उन्हात काम बरां. वास नाय." मी पुढे एका शाळेच्या कचेरीत लागले.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. विहीर पुन्हा पिण्यासारखी झालीच नाही. ओढ्याकाठचे निम्मे मळे गेले. मावशीचा अळूचा तुकडा त्यातच. जे नासलं ते नासलं. हे नुकसान कोणी मान्य केलं नाही, भरून देणं तर दूरच. त्याचा राग मला अजून आहे आणि तो घालवायची माझी इच्छा नाही.

तेव्हापासून किती भाषणं ऐकली, की बाई, प्रगती हवी असेल तर थोडं सोसावं लागतं. थोडं सोसायला माझी ना नाही. माझ्या घराने सोसलंय. पण सोसणारे दरवेळी ओढ्याच्या खालच्या अंगाचेच का, एवढं एक विचारलं की भाषण करणारा माणूस घड्याळ बघतो. आम्ही नोकरी मागितली होती, पाणीही मागितलं होतं. दोन्ही मागितल्याबद्दल मला हावरट म्हणणारेही भेटले. असेन मी हावरट.

हौदांचं म्हणाल तर त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ते गाळाने भरले. चुना टाकणं बंद झालं आणि ओढा पुन्हा गुलाबी व्हायला लागला. एका सोमवारी सकाळी मावशी दारात आली. पाटी नव्हती, नवं लुगडं नेसलेली. "चल," म्हणाली. आई चपला शोधायला लागली. तीही निघाली होती. शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा निरोप धाडून मी त्या दोघींबरोबर कारखान्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

आम्ही बसलो.